आधी आला त्याचा लंबर

मराठीत रांगेसाठी शब्दांची कमतरता नाही. देवळात ती 'बारी' होते, पाटाच्या पाण्यावर 'पाळी', रेशनच्या दुकानात नुसती 'लाइन', आणि आमच्या वऱ्हाडात दवाखान्यापासून चक्कीपर्यंत सगळीकडे 'लंबर'. 'लंबर लावला का?' या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत असतात. जो आधी आला त्याचे काम आधी होणार, आणि मध्ये कुणी घुसणार नाही. हा नियम इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याला कुणी नियम म्हणतही नाही. संगणकशास्त्रात मात्र त्याला रीतसर नाव आहे, 'फर्स्ट कम, फर्स्ट सर्व्ह्ड'. प्रोसेसरपुढे ताटकळणारी कामे कोणत्या क्रमाने घ्यायची हे ठरवण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांत विद्यार्थी सर्वांत आधी शिकतो ती ही. मी हा विषय बरीच वर्षे शिकवत आलो आहे. पुस्तकातल्या कामांची नावे पी-वन, पी-टू, पी-थ्री अशी असतात. त्यांना ना घर असते ना घाई. म्हणून वर्गात मी त्यांच्या जागी पिठाची चक्की घेतो.

माझे गाव केनवड, रिसोड तालुक्यात, मालेगावहून मेहकरला जाणाऱ्या रस्त्यावर. तिथली असो की दुसऱ्या कुठल्या गावची, चक्की सारखीच. दाराशी डब्यांची रांग, माणसे पारावर किंवा घरी. रांगेत डबा उभा असतो, माणूस नाही, आणि तरी कुणी डबा पुढे सरकवत नाही. प्रोसेसरच्या दाराशी तयार असलेल्या कामांची यादी अगदी अशीच असते. मध्ये एकच दगड, म्हणजे एका वेळी एकच दळण. एकदा घातलेले दळण अर्धवट काढून दुसऱ्याचे घालता येत नाही, हेही लक्षात ठेवायचे. ते पुढे कामाला येईल.

किलोला एक मिनिट धरू. सकाळी आठला चक्की सुरू होताना पाच डबे लागलेले आहेत. पहिले लग्नघरचे, ४० किलो गहू. मग ५ किलो, मग १०, मग ३, आणि शेवटी १२. पहिला थांबतच नाही. दुसरा ४० मिनिटे थांबतो, तिसरा ४५, चौथा ५५, पाचवा ५८. बेरीज १९८, भागिले पाच. सरासरी थांबणे ३९.६ मिनिटे. दळण हातात पडेपर्यंतचा सगळा वेळ हवा असेल तर प्रत्येकाच्या थांबण्यात त्याचे स्वतःचे दळण मिळवायचे. ती सरासरी ५३.६ येते. दोन्हींतला फरक १४, म्हणजे दळणांचीच सरासरी. विद्यार्थ्यांचे गणित बरोबर आहे का, हे मी आधी या फरकावरून बघतो.

आता लग्नघरचा डबा उचलून शेवटी ठेवा. बाकीचे आहेत तसेच. थांबणे होते ०, ५, १५, १८ आणि ३०. बेरीज ६८, सरासरी १३.६. चक्की तेवढीच चालली, ७० मिनिटे. विजेचे बिल तेवढेच आले, पीठही तेवढेच पडले. चार घरांचा मिळून १६० मिनिटांचा खोळंबा वाचला आणि लग्नघराला ३० मिनिटे जास्त लागली. एका अवजड कामामागे हलकी कामे अशी अडकून पडतात त्याला या शास्त्रात 'कॉन्व्हॉय इफेक्ट' म्हणतात. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरमागून ज्याने अरुंद रस्त्यावर गाडी चालवली आहे त्याला हे समजवावे लागत नाही.

सगळे एकाच वेळी आले असे गृहीत धरल्यामुळे हिशेब सोपा झाला. माणसे तशी येत नाहीत. समजा लग्नघर आठला आले, ५ किलोवाला ८.१० ला, १० किलोवाला ८.१५ ला, ३ किलोवाला ८.३५ ला आणि १२ किलोवाला ९.२० ला. आता प्रत्येकासाठी दोन वेळा बघायच्या, तो स्वतः कधी आला आणि त्याच्या पुढचे दळण कधी संपले. दोन्हींत जी नंतरची, ती त्याची सुरुवात. सुरुवातीतून येण्याची वेळ वजा केली की थांबणे. लग्नघराचे संपते ८.४० ला. दुसरा ३० मिनिटे थांबला, ८.४५ ला मोकळा. तिसराही ३०, ८.५५ ला मोकळा. चौथा २०, ८.५८ ला मोकळा. पुढे बावीस मिनिटे दगड रिकामा, आणि ९.२० ला आलेल्याला थेट प्रवेश. सरासरी १६ मिनिटे. परीक्षेत निम्मी मुले इथेच घसरतात. ती पाचव्याची सुरुवात ८.५८ ला धरतात, म्हणजे जो माणूस अजून घरून निघालाही नाही त्याचे दळण दळून टाकतात. उत्तरात थांबण्याचा वेळ उणे येतो आणि तरी पेपर जमा होतो.

लहान काम आधी घेतले की सरासरी घटते हे पटवायला मोठे सूत्र लागत नाही. रांगेत लागोपाठ उभे असलेले दोघे घ्या, पुढचा मोठा आणि मागचा लहान. दोघांची अदलाबदल केली तर लहानाचे थांबणे मोठ्याच्या कामाएवढे कमी होते, मोठ्याचे थांबणे लहानाच्या कामाएवढे वाढते. बाकी कुणाला काही फरक पडत नाही. जेवढे वाचले ते वाढलेल्यापेक्षा जास्तच असणार. अशा अदलाबदली करत गेलो तर शेवटी लहानाकडून मोठ्याकडे लागलेली रांग मिळते आणि त्यापुढे सुधारणेला जागा उरत नाही. आपल्या पाच डब्यांची ती रांग ३, ५, १०, १२, ४० अशी होते आणि सरासरी उतरते ११.८ वर. डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी १९५६ मध्ये याला आणखी एक पदर जोडला. प्रत्येकाच्या थांबण्याची किंमत सारखी नसेल, तर कामाच्या वेळेला त्या किमतीने भागावे आणि ज्याचा भागाकार लहान त्याला आधी घ्यावे. भाड्याचा ट्रॅक्टर घेऊन आलेला आणि घरचा ट्रॅक्टर घेऊन आलेला यांच्या तासाची किंमत वेगळी असते, हे या भागाकारात बसते.

चक्कीवाल्याला हे माहीत नसते असे नाही. तो अनेकदा रांग मोडतो, पण दुसऱ्याच कारणाने. ज्वारीनंतर हरभऱ्याची डाळ, तिच्यानंतर पुन्हा ज्वारी घेतली तर प्रत्येक वेळी आधीचे पीठ झाडावे लागते, दगडाची फट बदलावी लागते. म्हणून तो ज्वारीचे डबे एकामागोमाग घेतो आणि बेसन शेवटी. एका कामावरून दुसऱ्यावर जाण्याचा हा खर्च संगणकालाही सोसावा लागतो. गिऱ्हाईक कुरकुरत नाही, कारण डाळीचे पीठ भाकरीत आलेले कुणालाच नको असते. रांग मोडण्याचे कारण दिसत असले की माणसे ती मोडू देतात.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या पिढीतल्या संगणकांवर काम करणे म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत देणे आणि उत्तराची वाट बघणे. गठ्ठ्यांची रांग डब्यांच्या रांगेसारखीच. पण संगणकाला एक गोष्ट जमते जी दगडाला जमत नाही, अर्धवट दळण बाजूला ठेवणे. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये अशी व्यवस्था चालवून दाखवली होती. प्रत्येक कामाला थोडा थोडा वेळ द्यायचा, वेळ संपली की ते मागे आणि पुढचे आत. पंगतीत वाढपी एकाच पानावर सगळी जिलबी न रिकामी करता फेऱ्या मारतो, तसे. आज आपल्या हातातल्या फोनमध्ये शेकडो कामे एकाच वेळी चालल्यासारखी वाटतात ती या फेऱ्यांमुळे. लिनक्सने २००७ मध्ये स्वीकारलेली पद्धत तर कोण आधी आले हे जवळजवळ विचारतच नाही. आजवर कुणाच्या वाट्याला सर्वांत कमी आले ते बघते.

मग आधी येणाऱ्याला आधी हा नियम टिकला कशावर? केवळ सोपा म्हणून, असे उत्तर मी पूर्वी देत असे. त्याहून चांगले उत्तर जे. एफ. सी. किंगमन यांच्या १९६२ च्या एका निबंधात आहे. कामाची लांबी न बघता रांग लावायची असेल, तर कुठल्याही क्रमाने घ्या, सरासरी थांबणे तेवढेच राहते. शेवटी आलेला आधी घेतला तरी तेवढेच, चिठ्ठ्या टाकल्या तरी तेवढेच. चौघे आहेत, प्रत्येकाचे काम दहा मिनिटांचे, आणि ते एकेका मिनिटाच्या अंतराने आले. आल्या क्रमाने घेतले तर थांबणे ०, ९, १८, २७, बेरीज ५४. पहिल्यानंतर उलट्या क्रमाने घेतले तर चौथा ७ मिनिटे थांबतो, तिसरा १८, दुसरा २९; बेरीज ५४च. फरक पसाऱ्यात पडतो. आल्या क्रमाने घेतल्यास थांबण्यातली तफावत सर्वांत कमी राहते आणि उलट क्रमाने सर्वांत जास्त. हा उलटा क्रम काल्पनिक नाही. कचेरीतल्या टेबलावर फाइलींचा ढीग असतो, नवी फाइल वर पडते आणि साहेब वरची उचलतात. वर्षाकाठी निकाली निघालेल्या फाइलींची सरासरी उत्तम दिसते. तळाची फाइल मात्र तळालाच असते, आणि तिच्यात कुणाचा तरी वारसाचा फेरफार असतो.

म्हणजे कामे साधारण सारखी असतील, किंवा कुणाचे किती लांब हे आधी कळतच नसेल, तर आल्या क्रमाची रांग हीच सर्वांत समान वाटणी. पंढरपूरची दर्शनबारी कितीही लांब असो, पायांवर डोके ठेवायला प्रत्येकाला मिळतात ते काही क्षणच. तिथे लहान-मोठे काम असा भेद नाही, म्हणून बारी न्यायाची वाटते. ज्याला लांबूनच दर्शन पुरे त्याच्यासाठी मुखदर्शनाची रांग वेगळी, आमच्या जवळच्या शेगावीही तशीच. लहान कामाला आधी घेण्याचा स्मिथ यांचा नियम देवस्थानांनी कुणाला न दुखावता असा बसवला.

गर्दीचाही एक वेगळा हिशेब आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये फोनच्या गर्दीवर निबंध लिहिला आणि रांगेच्या गणिताचा पाया घातला. त्यातून पुढे आलेले एक साधे सूत्र असे. माणसे वेळीअवेळी येत असतील आणि कामेही कमीजास्त लांबीची असतील, तर खिडकी दिवसातला जेवढा भाग गुंतलेली असते त्याला ती जेवढा भाग मोकळी असते त्याने भागा, आणि एका कामाच्या सरासरी वेळेने गुणा. काम पाच मिनिटांचे आणि खिडकी ८० टक्के गुंतलेली असेल, तर थांबणे २० मिनिटे. ९० टक्क्यांना ४५. ९५ टक्क्यांना ९५ मिनिटे. गर्दी थोडीच वाढली, मग एवढा वेळ का लागतो, असे आपण म्हणतो, त्याचे कारण हे. आणि सगळी कामे बरोबर पाच-पाच मिनिटांची असती तर हे थांबणे निम्म्यावर आले असते. रांग वाढवण्यात जेवढा हात गर्दीचा, तेवढाच कामांच्या लहान-मोठेपणाचा.

चक्कीवर या सगळ्याची किंमत मिनिटांत मोजली जाते. शेतमाल खरेदी केंद्रावर ती रुपयांत मोजावी लागते. २०१६-१७ च्या हंगामात तूर अमाप पिकली. बोनस धरून हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता आणि खुल्या बाजारातला भाव त्याच्या बराच खाली गेला होता. महाराष्ट्रभर केंद्रांपुढे ट्रॅक्टर लागले. बारदाना संपला की काटा बंद, आणि काटा बंद असला तरी रांग वाढतच असते. त्या सूत्रात हा दिवस बसत नाही, तिथे खिडकी निदान उघडी असते. खरेदीची मुदत २२ एप्रिल २०१७ ला संपली तेव्हा माल केंद्रावर आणि माणसे मालावर, अशी अवस्था होती. शेवटी राज्य सरकारने त्या तारखेपर्यंत केंद्रावर आलेली तूर घेण्याचा निर्णय केला. आधी आला त्याचे आधी या नियमाला तारखेची कात्री लागली की रांगेतला मागचा माणूस केवळ उशिरा राहत नाही, बाहेर पडतो. थांबण्याच्या वेळेची सरासरी काढताना आपण सगळ्यांचे काम कधी ना कधी होते असे धरतो. इथे तसे धरता येत नाही.

'आला' म्हणजे कधी आला, हेही दिसते तितके स्पष्ट नसते. केंद्रावर आता सातबारा, आधार, पासबुक देऊन नोंदणी होते आणि मोबाइलवर संदेश आला की माल न्यायचा. त्यामुळे आल्याची वेळ ट्रॅक्टरची नसून नोंदणीची, आणि नोंदणी पहिल्या दिवशी कुणाची होते हे सातबारा कुणाच्या हाताशी आहे यावर ठरते. देशातला सर्वांत गाजलेला रांगेचा खटला याच प्रश्नावर होता. दूरसंचार खात्याने टू-जी परवाने आधी येणाऱ्याला आधी या तत्त्वाने वाटले. पण १ ऑक्टोबर २००७ ही अर्जाची मुदत मागे ओढून २५ सप्टेंबर केली, आणि १० जानेवारी २००८ ला काही तासांची सूचना देऊन जो आधी पैसे भरेल तो आधी असा अर्थ लावला. ज्यांना आधीच कुणकुण होती ते ड्राफ्ट तयार ठेवून आले. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ परवाने रद्द केले आणि सार्वजनिक संपत्ती वाटण्याच्या या तत्त्वातच मूलभूत खोट असल्याचे म्हटले. माझ्या मते खोट पूर्ण तत्त्वात नाही, घड्याळ कुणाच्या हातात आहे त्यात आहे. चक्कीच्या दारातला डबा सगळ्यांना दिसतो.

पाटाच्या पाण्यावर महाराष्ट्राने हा नियम कधीच फारसा मानला नाही. तिथे आधी पाणी पोचते ते पाटाच्या तोंडाशी शेत असलेल्याला. आल्या क्रमाने म्हटले तर शेवटचे शेत कोरडेच राहणार. म्हणून शेजपाळीत पाळीची यादी आधी ठरते, आणि शेवटच्या शेतापासून सुरुवात करून वर येण्याचा आग्रह धरला जातो. तो किती पाळला जातो हे शेवटच्या शेतावर जाऊन विचारावे.

लहानाला आधी हा नियम खरेदी केंद्रावर आणावा असे वर्गात कुणीतरी दरवर्षी सुचवते. अडचण अशी की चक्कीवरचा डबा खोटे बोलत नाही, माणूस बोलू शकतो. लहान मालाला आधी घेणार म्हटले की ६० क्विंटल सोयाबीन एका रात्रीत चार भावांच्या नावावर पंधरा-पंधरा क्विंटल होते. शिवाय लहान येतच राहिले तर मोठ्याचा लंबर लागणारच नाही. पुस्तकात त्याला उपासमार म्हणतात आणि उपाय सांगतात तो वयाचा मान, म्हणजे जो जितका जास्त थांबला तितका तो पुढे.

तरी हिशेब करून बघण्यासारखा आहे. चाळणी, ओलावा, भरणे आणि काटा मिळून क्विंटलला तीन मिनिटे धरू. केंद्रावर काटे दोन. आधी ६० क्विंटलचे दोन ट्रॅक्टर, त्यांच्यामागे ८ क्विंटलवाले तिघे. एकच रांग ठेवली तर दोन्ही काटे तीन तास मोठ्यांकडे अडकतात. लहानांपैकी दोघे १८० मिनिटे थांबतात, तिसरा २०४. पाच जणांचे मिळून ५६४ मिनिटे. आता एक काटा १० क्विंटलच्या आतल्यांसाठी ठेवा, आणि लहान कुणी उरला नाही की तो मोठ्यालाही खुला. लहान तिघे ०, २४, ४८ मिनिटे थांबतात आणि ७२ व्या मिनिटाला तो काटा दुसऱ्या ट्रॅक्टरला मिळतो. एकूण १४४. सरासरी ११२.८ वरून २८.८ वर आली. हे आकडे फळ्यावर मांडले की वर्ग खूश होतो. मग मी विचारतो, दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्याला हे कोण सांगणार? तो पहाटे आला होता, समोरचा काटा मोकळा होता, आणि त्याच्यानंतर आलेले तिघे माल मोजून, पावती घेऊन त्याच्या डोळ्यांदेखत गेले. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, 'सर, पाटी आदल्या दिवशी लावायची.'